जपानच्या खेड्यात पाहुणे कशाला येतात?

जेवणं आटोपली असतील. कुणाची भांडी राहिली असतील तर घासता घासता ऐका. आज आम्ही तुम्हाला जपानला घेऊन जाणार आहोत. टोकियोच्या उंच इमारती आणि बुलेट ट्रेन टीव्हीवर पुष्कळ दिसतात, ते आज नाही. आपण जायचं डोंगरातल्या आणि समुद्रकाठच्या खेड्यांत, जिथं परगावचे, परदेशचे लोक पैसे मोजून राहायला येतात.

आधीच सांगून टाकतो, आमच्यापैकी कुणीही जपानला गेलेलं नाही. मग ही उठाठेव का? तर पावसाच्या तोंडावर आमच्याकडे काजवे बघायला शहरातल्या गाड्यांची रांग लागते. लोक दारात येऊन विचारतात, "ताई, जेवण मिळेल का? राहायची सोय आहे का?" बाहेरगावचे काहीजण तर तंबू टाकायला जमीन भाड्यानं मागू लागलेत. ग्रामसंघाच्या बैठकीत विषय निघाला की घरात पाहुणे ठेवायचे का? निम्म्या बाया हो म्हणाल्या. निम्म्या म्हणाल्या, आपल्या घरात बघण्यासारखं आहे काय? तेव्हा ठरलं की ज्यांनी हे वर्षानुवर्षं केलंय त्यांचं आधी बघू. तीन महिने हप्ते गोळा झाले, वह्या भरून झाल्या, की उरलेला अर्धा तास आम्ही जपानला दिला. कॉलेजला जाणाऱ्या मुलींनी वाचून सांगितलं, मोबाईलवर व्हिडिओ दाखवले. त्यातलं जे पटलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

जपान श्रीमंत देश, पण तिथली खेडी ओस पडत चालली आहेत. पोरं शिकून शहरात गेली ती तिकडचीच झाली. शिकोकू बेटावर इया नावाच्या दरीत नागोरो म्हणून गाव आहे. तिथं एका बाईनं गावात नसलेल्या माणसांच्या जागी कापडाच्या बाहुल्या करून बसवल्या आहेत. शेतात बाहुल्या, बस थांब्यावर बाहुल्या, बंद पडलेल्या शाळेच्या वर्गात बाहुल्या. माणसांपेक्षा बाहुल्याच जास्त. व्हिडिओ बघताना आम्ही आधी हसलो, मग गप्प झालो. आपल्याही वाड्यावस्त्यांवर कुलूप लागलेली घरं काही कमी नाहीत.

तर अशा खेड्यांनी पाहुणे बोलवायला सुरुवात केली. आम्हाला सगळ्यात आवडलं ते आजिमू. क्यूशू बेटावर ओइता नावाचा प्रांत आहे, तिथलं हे गाव. भात, द्राक्षं, डोंगर, बाकी नावाजण्यासारखं काही नाही. १९९६ साली तिथल्या शेतकरी घरांनी एकत्र येऊन ठरवलं की आपल्याच घरात पाहुणे ठेवायचे. हॉटेल बांधायचं नाही. एक-दोन खोल्या मोकळ्या करायच्या, घरच्यांनी जेवायचं तेच पाहुण्यानं जेवायचं. पाहुणा आला की त्यालाही कामाला लावायचं! द्राक्षं तोडायला न्यायचं, भाजी खुडायला लावायची, संध्याकाळी स्वयंपाकघरात बसवून भाजी चिरायला द्यायची. आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "पैसे देऊन काम करायचं? आमच्याकडे उलटं हवं होतं." पण तिकडे शहरातली माणसं खरंच येतात, शाळेच्या सहलीसुद्धा येतात. मुलं एकेका घरात वाटून राहतात आणि जाताना रडतात म्हणे.

पण सुरुवातीला कायदा आडवा आला. पैसे घेऊन माणूस ठेवायचा तर लॉजचा परवाना हवा, खोल्या इतक्या मोठ्या हव्यात, पाहुण्यांचं स्वयंपाकघर वेगळं हवं. शेतकऱ्याच्या घरात हे कुठून येणार? तेव्हा त्यांनी सभासद पद्धत काढली. येणाऱ्यानं आधी सभासद व्हायचं आणि मग ओळखीच्या घरी मुक्काम करायचा. अशी काही वर्षं काढली. शेवटी २००२ साली ओइता प्रांताच्या सरकारनंच अशा घरांसाठी परवान्याची वाट सोपी केली आणि पाहुण्यांना सोबत घेऊन घरच्याच चुलीवर रांधायची मोकळीक मिळाली. पुढे देशभर नियम सैल झाले. हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत, कारण "परवानगीचं काय?" हा प्रश्न आमच्याही बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत आला होता. आपल्या राज्यात कृषी पर्यटनाचं धोरण २०२० साली आलं, पर्यटनाचा धंदा करणाऱ्या बायकांसाठी 'आई' नावाचं धोरण २०२३ साली आलं. कागद आपल्याकडेही आहेत, फक्त ते मागवून वाचायला हवेत.

आजिमूमध्ये एक म्हण पडून गेली आहे. एकदा मुक्काम केला की तुम्ही लांबचे नातेवाईक, दहा वेळा केला की सख्खे. त्यासाठी कार्ड असतं आणि दर मुक्कामाला त्यावर शिक्का मारतात. गंमत वाटते, पण यात धंद्याची अक्कल आहे. एकदा आलेला पाहुणा परत आला पाहिजे, आणि परत येतो तो गादी मऊ होती म्हणून नव्हे, तर त्या घरातल्या बाईनं नावानं हाक मारली म्हणून. या घरांमध्ये पुढे असते ती घरातली बाईच. रांधणारी ती, पाहुण्याशी बोलणारी ती.

ओइताहून समुद्र ओलांडून परत शिकोकू बेटावर येऊ. तिथं तोकुशिमा प्रांतात, डोंगरात, कामिकात्सू हे गाव आहे. वस्ती दीड हजाराहूनही कमी. पूर्वी इथं संत्र्यासारख्या मिकान फळाच्या बागा होत्या. १९८१ च्या फेब्रुवारीत अशी थंडी पडली की झाडंच मेली. गावच्या शेतकी सोसायटीत तोमोजी योकोइशी नावाचा तरुण कर्मचारी होता. एकदा ओसाकाच्या उपाहारगृहात त्यानं पाहिलं की शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं ताटात सजवलेलं मेपलचं पान हौसेनं रुमालात ठेवलं. जपानी जेवणात ताटावर ऋतूप्रमाणे पानंफुलं मांडायची रीत आहे. त्याच्या मनात आलं, पानं तर आमच्या गावात ढिगानं पडतात! गावात सांगितलं तेव्हा लोक हसले. पाला विकायचा? शेवटी १९८६ साली चार घरं तयार झाली. पहिली पानं चालली नाहीत, कारण हॉटेलवाल्याला केवढं पान लागतं, केव्हा लागतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग योकोइशी स्वतःच्या पगारातून मोठमोठ्या हॉटेलांत जेवून शिकून आले. आज तिथल्या सत्तरी-ऐंशीच्या आज्या सकाळी टॅबलेटवर मागणी बघतात आणि मेपल, पर्सिमन, बांबूची पानं, प्लमच्या फुलांच्या डहाळ्या एकसारख्या निवडून छोट्या ट्रेमध्ये भरतात. म्हातारपणी झाडावर चढायचं नाही, हलकं काम, मान खाली घालून पैसे मागायचे नाहीत.

याच गावानं २००३ साली ठरवलं की कचरा जाळायचाही नाही, पुरायचाही नाही. कचऱ्याची गाडी गावात येतच नाही. प्रत्येकजण आपला कचरा केंद्रावर नेतो आणि चाळीसहून जास्त प्रकारांत वेगळा करतो. २०२० साली तिथंच एक हॉटेल उघडलं. तिथं उतरणारा पाहुणा आपल्याला लागेल तेवढाच साबण कापून घेतो आणि जाताना आपला कचरा स्वतः वेगळा करून जातो. आमच्याकडे काजव्यांच्या झाडाखाली पडलेल्या बाटल्या गोळा कोण करतं हे आम्ही सांगायला नको.

आता जरा चालू या. वाकायामा प्रांतात, की नावाच्या डोंगराळ भागात, कुमानो कोदो ही हजार वर्षांची यात्रेची वाट आहे. २००४ साली ती जागतिक वारशात गेली. या वाकायामाशी आपलं नातंही आहे. २०१३ साली महाराष्ट्र आणि वाकायामा यांच्यात सहकार्याचा करार झाला. तिथल्या कोयासान डोंगरावरच्या विद्यापीठात २०१५ साली बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बसला.

ताकिजिरी या ठिकाणाहून निघून होंगू इथल्या मोठ्या देवळापर्यंत दोन दिवस चालायचं, अडतीस-चाळीस किलोमीटर. उंच सुरूसारखी दाट झाडं, दगडी पायऱ्या, दर अर्ध्या किलोमीटरला आकडा घातलेला खांब. वाटेत लहान लहान देवळं. चढ दमवतो, पण सामान पाठीवर नसतं, ते गाडीनं पुढच्या मुक्कामी जातं. दुपारच्या जेवणाचा डबा आदल्या रात्रीच्या घरून मिळतो. त्यात कधी मेहारी असते. म्हणजे भाताचा मोठा गोळा, खारवलेल्या मोहरीच्या पानात गुंडाळलेला. लाकूडतोडे जंगलात नेत तो हा डबा. गोळा एवढा मोठा की खाताना डोळे विस्फारतात, म्हणून तसं नाव पडलं. बघा, गरिबाच्या शिदोरीला आज परदेशी पाहुणे मागणी करतात. आणि आम्ही पाहुणा आला की भाकरी लपवून पुऱ्या तळतो.

इथल्या लहान लहान घरगुती खाणावळी चालवणाऱ्यांना इंग्रजी येत नव्हतं. आमच्यातल्या निम्म्याजणींची अडचण तीच. तानाबे शहराच्या पर्यटन मंडळानं त्यांना भाषा शिकवत बसण्याऐवजी तक्ते करून दिले. एका बाजूला जपानी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. आंघोळ किती वाजता, जेवण कधी, काय खात नाही. पाहुण्यानं बोट ठेवायचं, घरच्या बाईनं बोट ठेवायचं. काम झालं. हे आम्हाला इतकं पटलं की मुलींनी त्याच दिवशी वहीच्या पुठ्ठ्यावर आमचा तक्ता करायला घेतला.

होंगूच्या अलीकडे फुशिओगामी म्हणून जागा आहे. तिथून देवळाचं ठिकाण पहिल्यांदा दिसतं आणि यात्रेकरू गुडघे टेकतो. कळस दिसल्यावर वारकऱ्याचं जे होतं तेच. या जागेची एक कथा सांगतात. हजारेक वर्षांपूर्वी इझुमी शिकिबू नावाची मोठी कवयित्री चालत चालत इथवर आली आणि नेमकी तिला पाळी आली. एवढं चालून आता दर्शन नाही, म्हणून तिनं दुःखानं कविता केली. रात्री देव स्वप्नात आला आणि म्हणाला, मला त्याचं काही नाही, तू ये. आणि ती दुसऱ्या दिवशी देवळात गेली. कुमानोला बायका पूर्वीपासून जात आल्या. त्याच डोंगरांतल्या कोयासानवर मात्र १८७२ सालापर्यंत बायकांना बंदी होती. त्या वेशीवरच्या 'बायकांच्या देवळात' थांबायच्या आणि डोंगराच्या कडेकडेनं फिरून लांबूनच हात जोडायच्या. अशी सात देवळं होती, आज एक उरलं आहे. ही कथा ऐकून झाल्यावर आमच्या बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि मग सगळ्याच एकदम बोलायला लागल्या. ते बोलणं रेडिओवर सांगण्यासारखं नाही, पण तुम्ही तुमच्या गटात ही कथा सांगून बघा.

कोयासानला आता बायकाही मंदिरात मुक्काम करतात. तिथलं जेवण आपल्या उपासासारखं सोवळं. मांस-मासे नाहीत, कांदा-लसूण नाही. तिळाचं दाट खरवसासारखं काहीतरी असतं, आणि थंडीत गोठवून वाळवलेलं सोयाबीनचं पनीर, जे पाण्यात भिजवलं की फुगतं. आपल्या वाळवणाचंच भावंड. होंगूजवळ युनोमिने इथं गरम पाण्याचे झरे आहेत. एका झऱ्यात लोक जाळीच्या पिशवीत अंडी आणि रताळी सोडून शिजवून खातात. पिशवी, अंडी शेजारच्या दुकानात विकत मिळतात. धंदा बघा, चूल निसर्गाची, सरपण फुकट!

समुद्राकडे मिए प्रांतात तोबा आणि शिमा ही ठिकाणं आहेत. तिथल्या आमा म्हणजे पाणबुड्या बायका. पाठीला ऑक्सिजनची टाकी न लावता, एका श्वासावर खाली जाऊन शिंपले आणि समुद्री गोगलगायी काढतात. वर आल्यावर त्या जो श्वास सोडतात त्याची शिटी वाजते. पुष्कळजणी साठी-सत्तरी ओलांडलेल्या. डोक्याच्या फडक्यावर एक चांदणी आणि एक जाळी शिवलेली असते. चांदणी एका रेषेत, हात न उचलता काढायची, म्हणजे निघालो तिथं परत येऊ. टाकी लावली तर जास्त माल निघेल, पण त्या लावत नाहीत. कुठल्या दिवशी, किती वेळ पाण्यात उतरायचं ते सगळे मिळून ठरवतात, आणि अबलोन नावाचा महागडा शिंपला १०.६ सेंटीमीटरपेक्षा लहान निघाला तर परत समुद्रात सोडतात. बाहेर आल्यावर किनाऱ्यावरच्या झोपडीत शेकोटीभोवती बसून अंग शेकायचं आणि गप्पा हाणायच्या. आता तशाच झोपडीत पाहुण्यांना बसवून, त्यांच्यासमोर शिंपले भाजून वाढतात. वय झाल्यावर पाण्यात उतरता येत नाही, पण भाजता येतं, सांगता येतं. गप्पांची पण किंमत होते हे आम्हाला इथं कळलं. आमच्याकडे त्या रोज फुकट जातात.

आता एक कडू गोष्ट. शिराकावागो हे बर्फातलं गाव. दोन हात जोडावेत तशी उतरत्या गवती छपरांची घरं. छपराचं गवत तीसेक वर्षांनी बदलायचं तर अख्खं गाव एकत्र येतं. याला ते 'युइ' म्हणतात, आपण इर्जिक म्हणतो. १९९५ साली गाव जागतिक वारशात गेलं आणि मग पाहुण्यांचा लोंढा सुरू झाला. मुख्य वस्तीत काही शे माणसं, आणि वर्षाला दहा लाखांहून जास्त लोक बघायला. हिवाळ्यात रात्री घरं उजळतात त्या दिवसांसाठी २०१९ पासून आधी नोंदणी केल्याशिवाय आत सोडत नाहीत, इतकी गर्दी. तरी गाव गावाच्याच हातात राहिलं, कारण त्यांनी १९७१ सालीच, गर्दी यायच्या पुष्कळ आधी, तीन गोष्टी ठरवून ठेवल्या होत्या. घर, जमीन विकायची नाही. भाड्यानं द्यायची नाही. पाडायची नाही.

जमीन भाड्यानं मागायला आलेल्या माणसांचं आम्ही सुरुवातीला सांगितलं ना, त्यांना काय उत्तर द्यायचं यावर आमच्या बैठकीत दोन तास भांडण झालं. काहींचं म्हणणं, येणारा पैसा का सोडायचा? त्यांचंही खोटं नाही. पोरीची फी भरायची असते. पण मग एकीनं विचारलं, तंबू त्यांचे, बुकिंग त्यांच्या मोबाईलवर, आणि आपण काय करायचं? भांडी घासायची? शेवटी ठराव झाला की यंदा जमीन कुणी द्यायची नाही. चार घरांनी पाहुणे ठेवून बघायचे, एका घरात एका वेळी एकच कुटुंब, पैसे घरातल्या बाईच्या खात्यावर आणि त्यातला ठरावीक हिस्सा गटात. पुढच्या हंगामानंतर हिशोब वाचायचा. पटलं नाही तर बंद. आम्हाला वाटतं, चार हा आकडा वाईट नाही. पानंसुद्धा चार घरांनीच विकायला सुरुवात केली होती.

आता जाता जाता खायचं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल नुसतंच फिरवलं. नागानो प्रांतात डोंगरात भात कमी पिकायचा, म्हणून तिथं गहू आणि बकव्हीट, म्हणजे आपल्या उपासाच्या कुट्टूचं पीठ. त्याचे भरलेले गोळे करतात, त्याला ओयाकी म्हणतात. ओगावा नावाच्या गावात म्हाताऱ्या बायका ते घरातल्या चौकोनी चुलीवर शेकतात, मग राखेत खुपसून भाजतात. पाहुणे शेजारी बसून आपला आपण गोळा वळतात. आम्ही दोनदा करून पाहिले. गव्हाचं पीठ कोमट पाण्यात पोळीपेक्षा सैल मळायचं आणि तासभर झाकून ठेवायचं. सारण त्यांचं लाल भोपळा, वांगं नाहीतर खारवलेला पाला, आणि चवीला मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट गोळा. आपल्याकडे मिसो कुठला, आम्ही मेथी परतून त्यात तीळकूट, मीठ आणि थोडा ठेचा घातला. सारण कोरडं हवं, पाणी सुटलं तर गोळा फुटतो. पुरणासारखं भरून तोंड नीट मिटायचं, तव्यावर दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत शेकायचं, मग निखाऱ्याच्या कडेला गरम राखेत पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं. गॅस असेल तर तव्यावरच झाकण ठेवून मंद आचेवर. राख झटकायची, आणि गरम असतानाच मधोमध मोडून खायचा.